६० किलोची दहीहंडी दोन इमारतींच्या मधे टांगायची आहे. दोराच्या प्रत्येक बाजूवर ३० किलो ताण धरला तर चालेल का?

नाही चालणार. तुम्ही दिलेले आकडे असे: दोन इमारतींत १२ मीटर अंतर, हंडी आणि सजावट मिळून ६० किलो, दोर दोन्ही गच्च्यांना बांधलेला. वजन दोन बाजूंत वाटलं जातं हे बरोबर आहे. पण ताण ३० किलो कधी येईल, तर दोराच्या दोन्ही बाजू सरळ उभ्या असतील तेव्हा. तुमचा दोर जवळजवळ आडवा आहे.

हंडी तोलून धरायला दोराने तिला वर ओढलं पाहिजे, आणि आडवा दोर ओढतो बाजूला. किंचित तिरका असेल तर त्याच्या ताणातला अगदी थोडा हिस्सा वर लागतो. त्या थोड्या हिश्शातून प्रत्येक बाजूला ३० किलो काढायचे, म्हणून एकूण ताण भरमसाट वाढतो. पुस्तकी सूत्र आहे ताण = वजन ÷ (२ × साइन कोन), कोन आडव्या रेषेपासून मोजायचा. पण गच्चीवर कोन मोजत कोण बसणार? त्यापेक्षा झोळ मोजा, म्हणजे दोर बांधलेल्या जागेच्या पातळीपासून मधला भाग किती खाली आलाय ते:

ताण = वजन × अंतर ÷ (४ × झोळ)

तुमच्या हंडीला हे लावू. झोळ दीड मीटर असेल तर ताण १२० किलो. अर्धा मीटर असेल तर ३६०. आणि पाव मीटर झोळ ठेवून दोर 'मस्त टाइट' केलात तर ७२० किलो! हंडी तीच, दोरही तोच. (झोळ मोठा असला की हे सोपं सूत्र जरा कमी उत्तर देतं. दीड मीटरला खरा आकडा १२४ आहे. एवढ्याने काही बिघडत नाही.)

मंडळात मात्र नेमकं उलटं चालतं. "झोळ पडलाय, बरं नाही दिसत, ओढा रे अजून!" पोरं हाताने ओढत असतात तोवर फारशी भीती नसते, कारण चार जणांच्या ओढीने ताण वाढून वाढून किती वाढणार? झोळ आपोआप शिल्लक राहतो. कुणीतरी चेन पुली आणतो किंवा दोराचं टोक टेंपोला बांधून टेंपो पुढे घेतो, तिथे खेळ बदलतो.

शिवाय हंडी फोडणारा गोविंदा बऱ्याचदा वरच लोंबकळतो. तो ४० किलोचा असेल आणि एकदम लटकला, तर त्याचे निदान दुप्पट, म्हणजे ८० किलो धरा. वजन झालं १४०. आता दीड मीटर झोळाला ताण साधारण २९० किलो आणि अर्ध्या मीटरला साडेआठशेच्या आसपास. दोर थोडा लांबतो म्हणून प्रत्यक्षात जरा कमी येईल, पण खाली माणसं उभी असताना त्या भरवशावर राहू नका.

दोराचं बोलायचं तर नव्या, चांगल्या १२ मिमी नायलॉनची तुटण्याची ताकद ३ टनांच्या जवळपास असते, त्याच जाडीच्या पॉलिप्रॉपिलीनची २ टनांच्या. गाठ मारली की यातली निम्मी गेली असं समजा. उरलेल्या ताकदीचा फार तर पाचवा हिस्सा वापरायचा. या हिशोबाने दीड मीटर झोळ आणि १२ मिमी नायलॉन जेमतेम बसतं. मी १६ मिमी घेईन. पुण्यात बोहरी आळीत मिळेल, किमतीत फरक काही फार पडत नाही. मागच्या वर्षीचा, गच्चीवर उन्हात पडून राहिलेला दोर मात्र या हिशोबात धरूच नका. स्लॅबच्या धारेवरून दोर जात असेल तिथे गोणपाटाची जाड घडी घाला.

माझी खरी काळजी दोराची नाहीच, तो बांधणार कशाला याची आहे. मी जुन्या इमारतींच्या ऑडिटची कामं करतो. पेठांतल्या गच्चीचा कठडा म्हणजे बहुतेकदा चार इंची विटांची मीटरभर उंच भिंत. वाकून पाहिलं तर बुडाशी, स्लॅबला लागून, प्लास्टरमध्ये केसाएवढी आडवी चीर दिसते. म्हणजे तिथली पकड सुटलेली आहे आणि कठडा नुसत्या वजनावर उभा आहे. अशा भिंतीचं वजन मीटरमागे सव्वादोनशे किलोच्या आत. ती उलटायला डोक्यावर आडवी ओढ किती लागते? मीटरमागे १२-१३ किलो. तीन मीटर भिंत एकत्र उभी राहिली तरी चाळिशीच्या आत. आणि तुमचा दोर तिथे, गोविंदा लटकायच्या आधीच, १२० ते ३६० किलोने ओढणार! कठड्याला, ग्रिलला, ड्रेनेजच्या पाइपला दोर बांधायचा नाही. गच्चीवरच्या टाकीखालच्या आरसीसी कॉलमला बांधा, तेही अगदी खाली, स्लॅबलगत. कॉलमच्या प्लास्टरमधून गंजलेली सळई डोकावत असेल तर तोही नको.

समोरची इमारत एक मजला कमी असेल किंवा हंडी मधोमध नसेल तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो. जी बाजू जास्त उभी, तिच्यावर जास्त. वरचं सूत्र तिथे जसंच्या तसं वापरू नका.

आणि समोर लाकडी गॅलरीचा जुना वाडा असेल, तर त्याच्या खांबाला हात लावू नका. क्रेन बोलवा. हुकाखाली दोर सरळ उभा लोंबतो, त्यामुळे ६० किलोच्या हंडीला ताण ६० किलोच येतो, आणि गोविंदा लटकला की १४०.