यादी पाठ झाली, पण काही वाटेना

शुभदाताईंनी पिशवीतून शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. (नाव बदललं आहे, काही तपशीलही इकडचे तिकडे केले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.) त्यांच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकवीस दिवसांचा उपक्रम चालू होता. ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाच गोष्टी रोज रात्री लिहायच्या. पहिल्या दिवशी अर्धं पान भरलेलं. नवव्या दिवशी एकच ओळ: आईवडील, आरोग्य, घर, नोकरी, मुलगा. चौदाव्या दिवसापासून त्या ओळीखाली नुसती दोन दोन टिंबं, खतावणीत 'वरीलप्रमाणे'साठी देतात तशी.

शुभदाताई पतसंस्थेत कॅशियर आहेत, वय त्रेचाळीस. साताऱ्याजवळच्या गावातून दोन एसटी बदलून माझ्याकडे आल्या होत्या.

"मॅडम, तसं सगळं चांगलं चाललंय. मिस्टर निर्व्यसनी, मुलगा अभ्यासात बरा, घराचे हप्ते संपत आले. पण कशाचंच काही वाटत नाही. घरी म्हणतात, तुला सुख दुखतंय. मी खरंच कृतघ्न आहे का हो?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषांत सारखा येतो. कोणी नव्या फ्लॅटमध्ये गेल्यावर विचारतं, कोणी मुलगा परदेशी सेटल झाल्यावर. मात्र उत्तराआधी एक गोष्ट तपासावी लागते. कशातच गोडी न वाटणं हे नैराश्याचं मोठं लक्षण आहे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ असंच वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर वह्या-बिह्या बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. तेवढ्यात जमणार नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत चालतो. शुभदाताईंची झोप, भूक, काम सगळं जागेवर होतं. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं, तेही ठीक निघालं.

मग मी विचारलं, "पाचशेच्या नोटेच्या मागे काय असतं?"

"लाल किल्ला." क्षणाचाही उशीर नाही.

"आणि कडेला?"

"पाच रेघा. तिरक्या. बोटाला उंच लागतात. अंध माणसांसाठी असतात त्या."

"तुमच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून काय दिसतं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सोळा वर्षं त्या खिडकीसमोर उभं राहून त्यांनी पोळ्या लाटल्या होत्या. "भिंत असेल शेजारच्यांची," शेवटी म्हणाल्या. 'आहे' नाही, 'असेल'.

हा कृतघ्नपणा नव्हे. मेंदूचं कामच तसं आहे. जे रोज तेच असतं, ज्यात धोका नाही आणि नवलाई नाही, त्यावर लक्ष खर्च करायचं तो बंद करतो. पंख्याचा आवाज कानाआड होतो, मनगटावरचं घड्याळ जाणवत नाही. नोट नीट बघितली नाही तर संध्याकाळी खिशातून भरपाई करावी लागते, म्हणून नोट दिसते. खिडकी बघितली नाही म्हणून कोणी पगार कापत नाही.

१९७८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इलिनॉय राज्यात लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांशी त्यांनी बोलणं केलं होतं. हे लोक त्याच भागातल्या इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, असल्या बारीकसारीक गोष्टींतला आनंद विजेत्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होता. मोठं सुख आलं आणि त्याच्या उजेडात छोटी दिसेनाशी झाली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण घराचे हप्ते संपत आल्यावर शुभदाताईंना चहा बेचव का लागायला लागला, याचा थोडा अंदाज त्यातून येतो.

वहीचा उपक्रमही काही थोतांड नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात लोकांनी अशी यादी आठवड्यातून एकदा, दहा आठवडे लिहिली होती आणि त्यांना आयुष्याबद्दल बरं वाटलं होतं. आठवड्यातून एकदा, हे लक्षात घ्या. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज लिहिलं की यादी पाठ होते, आणि पाठ झालेली गोष्ट पुन्हा पंख्याच्या आवाजात जमा.

आणखी एक गाठ होती. शुभदाताईंच्या घरात 'आहे त्यात समाधान मान' हे वाक्य प्रामुख्याने त्यांच्याच तोंडावर फेकलं जायचं, तेही त्या काही मागायला गेल्या की. हे वाक्य मला मनापासून आवडत नाही. आपल्याकडे ते पुरुषांना क्वचित ऐकवलं जातं. ते इतक्या वेळा ऐकल्यावर कृतज्ञतेची वही म्हणजे तक्रार न करण्याची हमी वाटली, तर हात टिंबांवरच येणार.

म्हणून मी त्यांना दुसरं काम दिलं. आभार मानायचे नाहीत. वहीत 'छान', 'भाग्य', 'सुंदर' हे शब्द नकोत. आठवड्यातून एकदा, रोज हाताखालून जाणारी एक वस्तू घ्यायची. जिचा राग येतो ती असली तरी चालेल. दहा मिनिटं बघायची, जशी संशयित नोट बघता तशी. दिसेल तेवढंच लिहायचं.

"आणि मग?"

"मग काही नाही. पुढच्या वेळी वही घेऊन या."

त्यांनी रागाचीच वस्तू निवडली. सासूबाईंच्या काळातलं लोखंडी उलथनं. लग्न होऊन आल्यापासून त्याच्याशी भांडण. टोकाला तिरकं, कढईच्या तळाला नीट बसत नाही, पिठलं खाली लागतं. नवं आणायचं म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, चांगलं आहे की हे.

वहीत दीड पान भरलं होतं. दांड्याला मधोमध अंगठ्याएवढा खोलगट भाग, गुळगुळीत. दोन रिव्हेट, एक बदललेली. टोकाची एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर आखूड. पुढे लिहिलेलं: 'तिरकं बनवलेलं नाही. झिजलंय. पण मी वापरते त्याच्या उलट्या बाजूनं झिजलंय.' त्याखाली: 'डाव्या हातात धरून बघितलं. कढईत बरोबर बसलं.'

त्या रात्री त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही डावऱ्या होता का?"

सासूबाई आधी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "होते म्हंजे? आहेच की." शाळेत मास्तरांनी पट्टीनं मारून पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात दिली. जेवताना आईनं हात बदलला. सासरी आल्यावर पंगतीत वाढताना जपून राहायच्या. चुलीपाशी मात्र एकट्याच असायच्या, तिथे कोण बघतंय? तिथे डावा हात चालायचा. नवऱ्याला माहीत नव्हतं, मुलालाही नाही.

हे सांगताना शुभदाताई खूप बोलल्या. मी माझ्या वहीत नोंद करायची विसरले, हे कबूल करते. सोळा वर्षांचं सासूबाईंशी असलेलं अवघडलेपण त्या एका रात्रीत विरघळलं वगैरे काही झालं नाही. अजूनही फ्रीजमध्ये काय कुठे ठेवायचं यावरून कुरबुर होते. पण रविवारची भाजी आता सासूबाई करतात, डाव्या हातानं, सगळ्यांसमोर. शुभदाताईंनी स्वतःसाठी नवं उलथनं आणलंय.

तिसऱ्या आठवड्याची वस्तू होती पाण्याची कळशी. नळाला पहाटे साडेपाचला पाणी येतं. नोंद अशी: 'कळशी भरायला दीड मिनिट. एकूण चौदा खेपा. मिस्टर झोपलेले. मुलगा झोपलेला. मनगट दुखतं, हे आज कळलं.' याही नोंदीत 'छान' नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. बघायला लागल्यावर गोडच दिसेल असा करार कुठे आहे? त्यांनी ही नोंद नवऱ्याला वाचून दाखवली. भांडल्या नाहीत, नुसती वाचली. आता सोमवार, गुरुवार आणि शनिवारी पाणी ते भरतात. बाकीच्या दिवसांबद्दल बोलणी चालू आहेत.

टिंबांची जुनी वही त्यांनी बंद केली. चहा आता कसा लागतो, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "कधी लागतो, कधी नाही. मंगळवारी लागला."

शेवटच्या भेटीत उठता उठता मी खिडकीची आठवण काढली.

"भिंतच आहे," त्या म्हणाल्या. "पण तिला वरच्या अंगाला पिंपळ फुटलाय. चार पानं आलीत, कोवळी, तांबूस. उन्हं आली की आरपार दिसतात." मग पिशवी खांद्याला लावत: "शेजाऱ्यांना सांगायला पाहिजे. वेळीच काढला नाही तर भिंत तडकेल."