वाचकांचे प्रश्न : एकाच उपासनेत मराठी आणि कन्नड

आमची मंडळी (चर्च) खानापूर तालुक्यातली, मराठी. बैलहोंगल, सौंदत्तीकडची दहा-बारा कन्नड कुटुंबं नोकरीनिमित्त इकडे आली आणि आता नेमाने उपासनेला येतात. उपदेशाचं वाक्यागणिक भाषांतर करतो, पण उपासना दोन तासांवर जाते आणि दोन्हीकडची माणसं चुळबुळ करू लागतात. काय करावं? (एक पाळक)

आधी वेळ बघा. भाषांतरात उपदेश दुप्पट होतो, म्हणून पंचवीस मिनिटांचा उपदेश बारा मिनिटांचा लिहा. तो गुरुवारी संध्याकाळपर्यंत दुभाष्याच्या हातात पडायला हवा. शास्त्रवचनांचं भाषांतर त्याने उभ्या उभ्या करू नये. छापील कन्नड बायबलमध्ये खुणेच्या चिठ्ठ्या घालून ठेवाव्यात आणि तिथूनच वाचावं.

खरी अडचण वाक्य कुठे तोडायचं याची असते. मराठी आणि कन्नड, दोन्हींत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी. ‘देव तुम्हाला टाकून देईल’ एवढं बोलून तुम्ही श्वास घेतलात, दुभाष्याने तेवढंच कन्नडमध्ये सांगितलं, आणि मग तुम्ही म्हणालात, ‘असं कधीच होणार नाही’. मधल्या त्या दोन क्षणांत बाकावरच्या म्हातारीने काय ऐकलं? म्हणून वाक्य आठ-दहा शब्दांचं ठेवा आणि पुरं झाल्यावरच थांबा. ‘जो… तो…’ची लांब वाक्यं लिहितानाच मोडा. कन्नडमध्ये हा भाग बहुधा नामाच्या आधी विशेषणासारखा येतो, त्यामुळे दुभाष्याला सगळं वाक्य उलटं बांधावं लागतं आणि तो अडखळतो.

सारखे दिसणारे शब्द तर फारच फसवतात. कन्नड बायबलात ‘कीर्तने’ म्हणजे आपली स्तोत्रं. आपलं कीर्तन वेगळं. ‘सभे’ म्हणजे मंडळी, मीटिंग नाही. ‘अनुमान’ म्हणजे शंका. ‘पाप’ हा शब्द तिकडे ‘बिचारा’ या अर्थानेही रोज तोंडात असतो, म्हणून तो एकटा सोडू नका, वाक्यातून अर्थ पक्का करा. आपल्या जुन्या करारात जिथे ‘परमेश्वर’ आहे तिथे जुन्या कन्नड भाषांतरात ‘येहोव’ आहे. कन्नड कानाला ‘परमेश्वर’ म्हटल्यावर शिव आठवतो, तेव्हा दुभाष्याने तो शब्द तसाच उचलू नये.

प्रभूच्या प्रार्थनेचं भाषांतर करूच नका. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि ‘परलोकदल्लिरुव नम्म तंदेये’ एकाच वेळी सुरू होऊ द्या. दोन्ही प्रार्थना दोन-चार शब्दांच्या फरकाने संपतात. चालवणाऱ्याने शेवटच्या ‘आमेन’पर्यंत थांबावं. एवढ्यानेही बराच वेळ वाचतो, आणि प्रत्येकाला आपल्या आईच्या भाषेत देवाशी बोलता येतं, जे आम्हाला उपदेशाइतकंच मोलाचं वाटतं.

कमिटीतले काही जण म्हणतात, बेळगावचं मिशन मुळात मराठी, मग कन्नड माणसाला कमिटीत जागा कशाला? (बेळगाव)

हे खरं नाही. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले ते कन्नड मुलखातल्या बळ्ळारीहून, आणि या ठाण्याचं काम दोन्ही भाषांत चाललं. मराठीतल्या आरंभीच्या कादंबरीकारांत गणले जाणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले, तिथल्या मिशन शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. शेजारी धारवाडला १८३७ पासून बासेल मिशनचं कन्नड काम होतं. १९०४ मध्ये बेळगावचं काम मेथडिस्टांकडे आलं. दोन्ही भाषा पहिल्यापासून घरच्या आहेत. कन्नड कुटुंबातला एक जण कमिटीत घ्या, आणि अर्पण मोजायलाही बसवा. मंडळी आपली आहे हे माणसाला तिथे पटतं.

गीतं दोन भाषांत कशी गावीत? आम्ही प्रत्येक कडवं दोनदा गातो. (निपाणी)

मग चार कडव्यांची आठ होतात आणि शेवटी फक्त पेटी ऐकू येते. पहिलं-तिसरं कडवं मराठी, दुसरं-चौथं कन्नड आणि ध्रुवपद दोन्हींत घ्या. मात्र दोन्ही भाषांत आधीपासून एकाच चालीवर असलेलं गीत निवडा. अभंगाचं सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं माप धरून कन्नड शब्द कोंबले की ओळ लंगडते. उत्तर कर्नाटकातली त्रिपदी, म्हणजे तीन ओळींचा लोकछंद, गणांवर (अक्षरगटांवर) चालते, तीही अभंगाच्या चालीत बसत नाही.

कन्नड गीत देवनागरीत लिहून देता तेव्हा दोन खुणा अवश्य करा. एक, शेवटचा ‘अ’ पुरा उच्चारायचा असतो: ‘नम्म’ म्हणजे नम्-म, आपण सवयीने तो गिळतो. दुसरी, कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही असतात. ‘कोडु’ आखूड म्हटलं तर ‘दे’, लांबवलं तर ‘शिंग’. ‘प्रभू, शांती दे’ म्हणताना शिंग मागितलं जाऊ नये. लांब अक्षराखाली रेघ ओढा. ‘ळ’ मात्र आपल्याकडे आहेच, तो शिकवावा लागत नाही. पेटीचा सूर काळी एक किंवा काळी दोनला ठेवा. काळी चारला नेला की पुरुष गप्प होतात. सरावाला बुधवारचा पाऊण तास पुरे.

स्त्री मंडळातल्या आम्ही चौघी कन्नड घरी भेटीला जातो. भाषा मोडकी आहे. काय सांभाळावं? (चिकोडी)

मोडकी चालेल, एकेरी चालणार नाही. वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाला ‘री’ लावा: ‘बा’ (ये) नाही, ‘बर्री’ (या). देवाचं नाव घेताना ‘देवरु’ म्हणा. ऊसतोडीच्या आणि ज्वारी काढणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर जा. आजारपण किंवा घरातला वाद निघाला की शाळेतल्या मुलाला दुभाषी करू नका. आईचं दुखणं मुलाने सांगणं दोघांनाही जड जातं. शेजारची कन्नड जाणणारी बाई सोबत न्या. प्रार्थनेची वेळ झाली की ‘प्रार्थने माडोण्री’ (प्रार्थना करूया) म्हणा आणि पहिली प्रार्थना त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला करू द्या.