'लपलेली मुलं' की 'लपवलेली मुलं'?

प्रश्न असा आलाय की नाझींच्या काळात ज्या ज्यू मुलांना दडवून ठेवून वाचवलं त्यांना इंग्रजीत 'हिडन चिल्ड्रन' म्हणतात, तर मराठीत 'लपलेली मुलं' लिहायचं, 'लपवलेली' लिहायचं की 'भूमिगत बालके'? आणि त्याच लेखात 'स्मगल' आलंय त्याला काय करायचं?

माझं मत स्पष्ट आहे, 'लपवलेली'. लपणं हे आपलं आपण करायचं, लपवणं दुसऱ्या कुणीतरी करायचं, आणि मराठीत हा सगळा फरक त्या एका 'व'मध्ये आहे. 'लपलेली मुलं' वाचलं की मूल स्वतःहून दाराआड जाऊन बसलंय असं वाटतं आणि ज्यांनी जीव धोक्यात घालून हे केलं ती माणसं वाक्यातून गायबच होतात.

ॲमस्टरडॅमचं उदाहरण घ्या. १९४२ पासून तिथल्या एका नाट्यगृहात, हॉलंडशे स्खाउबुर्खमध्ये, ज्यू कुटुंबांना छावण्यांकडे पाठवायच्या आधी कोंडून ठेवायचे आणि लहान मुलांना समोरच्या पाळणाघरात. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, नाट्यगृहात ज्यू कौन्सिलतर्फे, म्हणजे नाझींनी नेमलेल्या ज्यूंच्या मंडळातर्फे, काम बघणारे वॉल्टर झ्युसकिंड आणि शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे योहान फान हुल्स्ट यांनी मिळून मुलं बाहेर काढायला सुरुवात केली, आधी आईवडिलांना विचारायचं, मग नोंदींमधून नाव काढून टाकायचं, आणि मग ट्राम समोर येऊन थांबली की पहारेकऱ्यांना दार दिसायचं नाही तेवढ्यात कुणी पिशवीत, कुणी टोपलीत घालून मूल घेऊन निघायचं, नाहीतर मागच्या बागेतून शेजारच्या विद्यालयात द्यायचं. अशी साधारण ६०० मुलं वाचली. पिमेंटेलबाई स्वतः १९४३ मध्येच औश्वित्झला मारल्या गेल्या. आता या सगळ्याला 'मुलं लपली' म्हणणार का?

इथेच 'स्मगल'चा प्रश्न येतो आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण 'मुलांची तस्करी केली' असं छापलेलं वाचलं की अंगावर काटा येतो. मराठीत मुलांची तस्करी म्हणजे मुलं विकणं. 'पळवली' पण नको, त्याचा अर्थ अपहरण. 'गुपचूप बाहेर काढली' किंवा 'चोरून बाहेर काढली' लिहा, 'चोरून'मध्ये चोरीचा आरोप नाही, फक्त कुणाला दिसू न देता एवढंच आहे.

'भूमिगत' का नको? डच भाषेत यासाठी 'ओंडरडाउकन' असं क्रियापद आहे, शब्दशः पाण्याखाली बुडी मारणं, आणि ते लपलेल्या ज्यूंनाही वापरायचे आणि जर्मनीत सक्तीच्या मजुरीला जायचं टाळून लपलेल्या डच तरुणांनाही. आपला 'भूमिगत' एवढा मोकळा नाही. तो म्हटला की लगेच बेचाळीस, अच्युतराव पटवर्धन, साताऱ्याचं प्रतिसरकार. भूमिगत होणारा माणूस लढायला म्हणून तसा होतो. म्हणून मुलांना गावोगावी पोचवणारे जे हॉलंडमधल्या उट्रेख्ट शहरातले विद्यार्थी होते त्यांना भूमिगत कार्यकर्ते खुशाल म्हणा, तीन वर्षांच्या पोराला नको.

अजून एक शब्द कुणी सुचवला नाहीये पण माझ्या मते तो काही ठिकाणी सगळ्यात चपखल बसतो, अज्ञातवास. कारण सगळीच मुलं माळ्यावर किंवा तळघरात नव्हती. पोलंडमध्ये ज्यांचा चेहरा 'तसा', म्हणजे ज्यू, दिसत नाही त्यांना 'चांगलं रूप' आहे असं म्हणायचे, आणि अशी मुलं कॅथलिक नाव घेऊन, प्रार्थना पाठ करून, चारचौघांत शाळेत, कॉन्व्हेंटमध्ये वावरायची. पांडव विराटाच्या घरी काही लपून बसले नव्हते, बल्लव आणि सैरंध्री होऊन सगळ्यांसमोर होते, ओळख पटली तर संपलं एवढंच. तसंच हे. मात्र अज्ञातवासात आपण कोण हे स्वतःला माहीत असतं, आणि तान्ह्या मुलांना तेही नव्हतं. वॉर्सामध्ये इरेना सेंडलर या समाजसेविकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी मुलांची खरी नावं आणि नवी नावं पातळ कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून काचेच्या बरणीत घालून पुरून ठेवली ती याचसाठी, की युद्धानंतर कुणीतरी सांगू शकेल हे पोर कुणाचं. घ्यायला यायला मात्र बहुतेकांचे आईवडील उरलेच नव्हते, ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारले गेले होते. म्हणून कळत्या वयाच्या, खोट्या नावाने उघड राहिलेल्या मुलांसाठी 'अज्ञातवासातली', बाकी सगळ्यांसाठी 'लपवलेली'.

'दत्तक' शब्द तर टाळाच. दत्तक म्हणजे कायमचं दिलेलं, आणि या आईबापांनी परत न्यायच्या आशेवर दिली होती. हॉलंडमध्ये युद्धानंतर अनाथ झालेली मुलं सांभाळणाऱ्या घरीच ठेवायची की ज्यू नातेवाइकांकडे पाठवायची यावर सरकारला खास आयोग नेमावा लागला आणि त्यावर खूप कडवटपणाही आला, तुम्ही आधीच 'दत्तक' लिहून टाकलंत तर तो वाद काय होता हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. 'सांभाळायला दिलेली' लिहा. आणि लेखाच्या शीर्षकात 'लपवलेली मुलं' फार त्रोटक वाटत असेल तर 'लपवून वाचवलेली मुलं' करा, ते चालेल.