युद्ध सुरू असताना कलाकारांनी जाहीरपणे देशाच्या बाजूने बोललंच पाहिजे का?

प्रश्नाखाली तुम्ही दोन ओळी जोडल्या आहेत: जवान सीमेवर मरतात आणि कोट्यवधी कमावणारे नट-गायक साधी पोस्टही टाकत नाहीत, मग अशांचे सिनेमे आपण का बघायचे? तुमचा राग मला कळतो. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे. या सगळ्यात बोलणं ही सर्वांत स्वस्त गोष्ट आहे आणि नेमकी तिचीच आपण वसुली करत बसतो.

मी स्वतः कलाकार म्हणजे अगदी तळातला. वाद्यवृंदात तबला-ढोलकी वाजवतो. जानेवारी लागला की ‘देशभक्तीपर गीतांची संध्याकाळ’ अशा सुपाऱ्या यायला लागतात. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन हा आमचा चांगला कमाईचा मोसम. त्या दिवशी मी तिरंगी उपरणं घालतो, मन लावून वाजवतो आणि कार्यक्रम संपला की पाकीट घेतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण त्याला देशसेवा म्हणायची माझी हिंमत होत नाही.

आता या संध्याकाळी जे गाणं कधीच चुकत नाही, त्याचीच गोष्ट घ्या. 1962 च्या पराभवानंतर 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लतादीदींनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन होते, पंतप्रधान नेहरू होते. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आल्याचं आपण सगळ्यांनी शंभर वेळा ऐकलंय, प्रत्येक निवेदक ते सांगतोच. चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, हेही निवेदक सांगतात, निदान महाराष्ट्रात तरी. पण गीतकार प्रदीप यांनी त्या गाण्याच्या रॉयल्टीचं काय केलं, हे मी स्टेजवरून फारसं ऐकलेलं नाही. ती त्यांनी युद्धात नवरे गमावलेल्या बायकांसाठी देऊन टाकली होती. रेकॉर्ड देशभर वाजत राहिली, पण पैसे काही त्या बायकांपर्यंत नीट पोचेनात. प्रदीप 1998 मध्ये गेले. मामला मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 2005 मध्ये न्यायालयाने रेकॉर्ड कंपनीला सैनिकांच्या विधवांसाठीच्या निधीत 10 लाख रुपये भरायला सांगितलं. म्हणजे गाणं जन्मल्यानंतर बेचाळीस वर्षांनी. दरवर्षी त्या गाण्याला उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यापैकी कोणाला मधल्या काळात हा प्रश्न पडला होता?

याच प्रदीप यांची आधीची एक गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात देशप्रेमापेक्षा डोकं जास्त आहे. 1943, दुसरं महायुद्ध चालू, ‘चले जाव’नंतर नेते तुरुंगात, वर ब्रिटिशांची सेन्सॉरशिप. अशात ‘किस्मत’ या सिनेमात त्यांनी ‘दूर हटो ऐ दुनियावालो, हिंदुस्तान हमारा है’ लिहिलं. आत एक ओळ अशी घातली की जर्मन असो वा जपानी, कोणापुढे झुकू नका. सेन्सॉरला वाटलं, वा, हे तर सरकारच्या युद्धप्रचाराचंच गाणं! थिएटरात बसलेल्या माणसाला मात्र दूर कोणाला हटायला सांगितलंय ते बरोबर कळलं. लोक गाणं पुन्हा दाखवायला लावत. सरकारच्या लक्षात यायला उशीर झाला आणि मग अटक टाळायला प्रदीप यांना काही काळ भूमिगत व्हावं लागलं. युद्धात सरकारच्या बाजूचा आणि देशाच्या बाजूचा, असे दोन्ही कलाकार एकच असतात असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

सैनिकांना कलाकारांकडून काय हवं असतं, याबद्दल थोडं अनुभवाचं सांगतो. देवळालीला तोफखान्याच्या एका युनिटमध्ये बडाखान्याच्या, म्हणजे जवानांच्या सामूहिक मेजवानीच्या रात्री आमचा कार्यक्रम होता. निवेदकाने मोठ्या हौसेने देशभक्तीच्या गाण्यांची माळ ओवून आणली होती. तिसरं गाणं सुरू व्हायच्या आत एक सुभेदारसाहेब विंगेत आले आणि हळूच म्हणाले, “मास्तर, हे आम्हाला रोजचंच आहे हो. जरा नाचायचं वाजवा की.” मी तबला बाजूला सारून ढोलकी ओढली. पुढचे दोन तास लावण्या, किशोरकुमार, कोळीगीतं. शेवटी साताऱ्याकडच्या एका जवानाने पावसाच्या गाण्याची फर्माईश केली, कारण त्याच्या गावाकडे त्या वर्षी पाऊस नव्हता.

सुनील दत्त आणि नर्गिस यांना हे पक्कं ठाऊक असावं. त्यांचं अजंता आर्ट्सचं पथक पुढच्या चौक्यांवर जायचं ते गाणी, नाच, नकला, विनोद घेऊन. 1971 चं युद्ध संपल्यावर हे पथक नव्याने स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात गेलं, बरोबर लतादीदी होत्या, वहिदा रहमान होत्या. लष्करी विमानातून या गावाहून त्या गावी जात कार्यक्रम केल्याची आठवण दीदींनीच नंतर सांगितली होती. त्या काळी त्यांच्या एका तारखेसाठी निर्माते रांगेत उभे असायचे, हे लक्षात घ्या. त्या तारखा त्यांनी दिल्या.

आणि प्रत्यक्ष गणवेश चढवणारे? आपल्याकडे नाव निघतं ते नाना पाटेकरांचं, आणि रास्तच आहे. 1991 च्या ‘प्रहार’साठी त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांबरोबर प्रशिक्षण घेतलं आणि 1999 मध्ये कारगिलच्या वेळी टेरिटोरियल आर्मीतून (आपापला धंदा सांभाळून सैन्यात सेवा देणाऱ्यांच्या दलातून) ते काश्मीरला गेले. तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आपण स्वतः मागणी केली, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलंय. पण नानांचं उदाहरण पुढे करून “मग बाकीचे का जात नाहीत?” असं विचारणं फारसं शहाणपणाचं नाही. त्यांच्यामागे आधीचं प्रशिक्षण होतं. उत्साहाने फुरफुरलेला पण बंदूक न धरलेला नट चौकीवर नेऊन ठेवला तर तिथल्या हवालदाराला त्याचीच राखण करावी लागेल. मोहनलाल यांना 2009 मध्ये टेरिटोरियल आर्मीत लेफ्टनंट कर्नल हा मानद हुद्दा मिळाला, तो तरुणांना सैन्याकडे खेचण्यासाठी उपयोगी पडतो. तेही एक काम आहे. पण वेगळं काम.

आता जबरदस्तीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात बहिष्काराचा सूर आहे. ऑक्टोबर 2016, उरीच्या हल्ल्यानंतरचे दिवस. एका मोठ्या हिंदी सिनेमात पाकिस्तानी अभिनेता होता, म्हणून मनसेने प्रदर्शन रोखायची भूमिका घेतली. मग मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्यावर बैठक झाली आणि पाकिस्तानी कलाकार घेतलेल्या निर्मात्यांनी सैनिक कल्याण निधीला पाच कोटी द्यावेत, अशी अट पुढे आली. दिवाळीत सिनेमा लागला. पण निवृत्त लष्करी अधिकारी संतापले. आमच्या नावाने अशी वसुली नको, असं त्यांनी उघड म्हटलं. आणि संरक्षणमंत्री कोण होते? गोव्याचे मनोहर पर्रीकर. देणगी स्वेच्छेने द्यायची असते, कोणाचं मानगूट धरून घ्यायची नसते, अशा अर्थाचं ते स्पष्ट बोलले. प्रदीप यांनी मनाने दिलेले पैसे पोचायला चार दशकं लागली आणि इथे मान पकडून मागितलेले पैसे लष्करालाच नको होते. मला तरी यातून काय मागावं आणि काय मागू नये ते पुरेसं कळतं.

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांतही कोणी काय पोस्ट केलं आणि कोणी नाही याचा हिशेब मांडणं चाललं होतं. आठवून बघा, त्या रात्री आपल्या वाहिन्या काय काय सांगत होत्या. कराची बंदर उडालं इथपर्यंत मजल गेली होती. ज्यांचा धंदाच बातम्यांचा आहे त्यांची ही गत, तर सिनेमात गाणाऱ्या माणसाकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहिती कुठून येणार? अशा वेळी गप्प बसलेला माणूस भित्रा असेल, बेफिकीर असेल किंवा नुसता समंजस असेल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात.

मग बोलणं कधी महाग पडतं? त्यासाठी मी पलीकडचं उदाहरण देतो, कारण स्वतःच्या घरातलं असलं की आपल्याला नीट दिसत नाही. 1965 च्या युद्धात लाहोर रेडिओवर नूरजहाँ गात होत्या. फाळणीआधी मुंबई गाजवलेली, लतादीदी जिला मानत ती बाई. सतरा दिवसांच्या त्या लढाईत पाकिस्तानी फौजेसाठी त्यांनी एकामागून एक गाणी ध्वनिमुद्रित केली. तिकडे आजही त्याचं कौतुक होतं. आपल्याला ती गाणी गोड लागण्याचं कारण नाही, पण आपल्या मुलांसाठी गाणारी बाई म्हणून तिचा राग धरावा असंही मला वाटत नाही.

सहा वर्षांनी त्याच देशात हबीब जालिब होते. शायर, सिनेमाची गाणीही लिहायचे आणि मुशायऱ्यात आपल्या ओळी स्वतः चालीत म्हणून मैदान डोक्यावर घ्यायचे. मार्च 1971 मध्ये पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, कत्तल सुरू केली तेव्हा पश्चिम पाकिस्तानात बहुतेकांनी तोंड बंद ठेवलं किंवा टाळ्या वाजवल्या. जालिब यांनी चार ओळी लिहिल्या. त्यांचा मथितार्थ असा: गोळ्या पेरून तुम्ही प्रेम उगवायला निघालात, मायभूमीचा चेहरा रक्ताने धुताय, तुम्हाला वाटतंय वाट सरते आहे, मला मात्र खात्री आहे की तुम्ही मुक्कामच गमावताय. डिसेंबरात पूर्व पाकिस्तान तुटून बांगलादेश झाला आणि तो मुक्काम खरोखरच गेला. लष्करी कारवाईविरुद्ध बोलल्याबद्दल जालिब यांना तुरुंग मिळाला. 1993 मध्ये ते वारले आणि 2009 मध्ये पाकिस्तान सरकारने त्यांना निशान-ए-इम्तियाज हा मोठा नागरी सन्मान मरणोत्तर दिला.

1971 मध्येच ढाक्यात संगीतकार अल्ताफ महमूद होते. बंगाली भाषेच्या हक्कासाठी 21 फेब्रुवारी 1952 ला मारल्या गेलेल्या हुतात्म्यांवरचं जे गाणं आज सगळा बांगलादेश गातो, त्याची चाल त्यांची. त्यांनी भाषणं केली नाहीत. घर मुक्तियोद्ध्यांना, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना, उघडं ठेवलं आणि अंगणात त्यांची शस्त्रं लपवली. 30 ऑगस्ट 1971 ला पाकिस्तानी सैनिक त्यांना घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. इकडे कोलकात्यात बालीगंज सर्क्युलर रोडवरच्या एका घरातून स्वाधीन बांगला बेतार केंद्र हे स्वातंत्र्यलढ्याचं रेडिओ केंद्र चालत होतं आणि देश सोडून आलेले गायक-वादक तिथे दाटीवाटीत गाणी ध्वनिमुद्रित करून मुक्तियोद्ध्यांच्या सेनेच्या, मुक्तिवाहिनीच्या छावण्यांपर्यंत पोचवत होते.

आणि 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ! वाद्यं नुसती जुळवून झाली आणि तिथल्या श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर म्हणाले, जुळवणं एवढं आवडलं तर वादन त्याहून जास्त आवडेल अशी आशा आहे. आम्हा वाजवणाऱ्यांत हा किस्सा अजून फिरतो. अमेरिकन सरकार तेव्हा पाकिस्तानच्या पाठीशी होतं, तरी तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले. रेकॉर्ड आणि फिल्मचे पैसे मात्र कराच्या भानगडीत वर्षानुवर्षं अडकले, कारण धर्मादाय कार्यक्रम म्हणून आधी कागदपत्रंच केली नव्हती. पुन्हा पैसाच, आणि पुन्हा उशीर.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाकडे. पोस्ट न टाकणाऱ्या नटाचा सिनेमा मी बघेन, चांगला असेल तर. पोस्ट टाकणाऱ्याचा वाईट सिनेमा बघणार नाही. सैनिकांच्या नावावर तिकीट विकणाऱ्या कार्यक्रमाच्या आयोजकाला मात्र जमाखर्च जरूर विचारेन, आणि तुम्हीही विचारा, अगदी आमच्यासारख्या छोट्या वाद्यवृंदालाही. देणगी देण्यासाठी कोणा कलाकाराची वाट बघायची गरज नाही. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, ध्वजदिन 7 डिसेंबरला असतो, आणि निधीला दिलेल्या पैशांची रीतसर पावती मिळते. आमच्या मंडळींनी ठरवलंय की प्रजासत्ताक दिनाच्या सुपारीतून ढोलकी आणि सिंथेसायझरवाल्याचा वाटा तिकडे जाईल. गायिका अजून तयार नाही, तिचं म्हणणं तिच्या घरी दोन लेकरांची फी भरायची आहे, आणि तिला कोणी देशद्रोही म्हटलेलं आम्ही ऐकून घेणार नाही.