नंबर पहिला, पण रांग कुठाय?

प्रश्न : कोथरूडला आमच्या घरी नेट आहे, डाउनलोड १०० आणि अपलोड १० एमबीपीएस. संध्याकाळी सुनेची अमेरिकेशी मीटिंग असते, तेव्हा तिचा आवाज पलीकडे तुटक जातो. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ (कुणाचं नेट आधी सोडायचं, ते ठरवायची सोय) चालू करून तिच्या लॅपटॉपला पहिला नंबर दिला. फरक शून्य!
– एक सासरे, कोथरूड

उत्तर : काका, नंबर दिलात हे ठीक, पण रांग जिथे लागतच नाही तिथे दिलात.

नेटवर सगळं छोट्या तुकड्यांत जातं, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर नंबर लिहायला सहा बिटांचा एक कप्पा असतो, डीएससीपी. १९९८ पासूनची ही सोय. त्यात ० ते ६३ पैकी एक आकडा बसतो; साध्या पॅकेटला ०, आवाजाच्या पॅकेटला बहुधा ४६. पण ४६ लिहिलं म्हणून पॅकेट जोरात पळत नाही. वाटेत गर्दी झाली आणि तिथला राउटर तो आकडा मानत असेल, तरच ते पुढे निघतं. मानाच्या गणपतींसारखंच. कसबा पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, हे लक्ष्मी रोडवर सगळे मानतात. कोल्हापुरात जाऊन सांगून बघा! नेट देणाऱ्या कंपन्याही घरगुती ग्राहकाचा आकडा सहसा मानत नाहीत, कित्येकदा पुसून ० करतात.

माझ्याकडेही हेच व्हायचं. सातला मुलगा घरी आला, मोबाइलने वायफाय पकडलं, की दिवसभराचे फोटो वर चढायला लागायचे. एरवी १५ मिलिसेकंदांत येणारं पिंगचं (नेटवर मारलेल्या छोट्या हाकेचं) उत्तर ४०० वर जायचं. राउटर भसाभस ओतत होता आणि तुंबत होतं पुढच्या, कंपनीच्या लाइनला जोडणाऱ्या मोडेममध्ये. तिथे आपला नंबर कोण विचारतो?

तेव्हा त्याच क्यूओएसच्या पानावर अपलोडची मर्यादा भरा, मोजून खरंच १० मिळत असेल तर ९. तो रकाना तुम्ही रिकामा ठेवला असणार, सगळेच ठेवतात. मग रांग तुमच्याच राउटरमध्ये लागेल आणि सुनेचं पॅकेट खरोखर पुढे जाईल. ‘एसक्यूएम’ (रांग आपोआप सांभाळणारी सोय) असा पर्याय दिसला तर तोच घ्या, नंबरांची भानगडच नको.

आणि टीव्हीला, नातवाच्या गेमला पहिला नंबर देऊ नका. हिंजवडीच्या एका ऑफिसात आमच्याच एका पोराने बॅकअपसकट सगळ्याला ४६ लावलं होतं. सगळेच पहिले, म्हणजे कुणीच पहिला नाही! सोमवारी सकाळी नेटवरून चालणाऱ्या एकाही फोनवर धड बोलता येईना, आणि तो बिचारा दुपारपर्यंत केबली तपासत बसला होता.