वाचकांचे प्रश्न : चढाईच्या शर्यतींची तयारी

प्रश्न : माझे वय ४२ आहे. गेली तीन वर्षे मी सुटीच्या दिवशी तीन-चार तास सायकल चालवतो, पण बहुतेक सपाट रस्त्यावर. या हंगामात हौशी सायकलपटूंसाठीच्या पाच चढाईच्या शर्यतींत भाग घ्यायचे ठरवले आहे. सर्वांत छोटी चढाई दीड किलोमीटरची असून सर्वांत मोठी १४ किलोमीटरची आहे. हाती बारा आठवडे आहेत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : किलोमीटर बाजूला ठेवा आणि प्रत्येक चढाईला तुम्हाला किती मिनिटे लागतील याचा अंदाज बांधा. दीड किलोमीटरची चढाई सात-आठ मिनिटांत संपेल आणि १४ किलोमीटरच्या चढाईला तासाहून अधिक वेळ लागेल. हे शरीराच्या दृष्टीने जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत. पहिल्यात प्राणवायू वापरण्याची तुमची कमाल क्षमता पणाला लागते, तर दुसऱ्यात त्या क्षमतेच्या बऱ्याच खाली, पण एकाच पातळीवर, तासभर टिकून राहावे लागते. पाचही शर्यतींत सारखेच चांगले करण्याचा हट्ट धरू नका. मनाला सर्वांत जवळची एक निवडा, तयारी तिच्या लांबीला जुळवा आणि उरलेल्या चार सरावाच्या समजा.

पहिले पाच आठवडे लांब आणि निवांत सायकलिंग चालू ठेवून आठवड्यातून एकदा वीस-वीस मिनिटांचे दोन दीर्घ प्रयत्न करावेत. या प्रयत्नांत तोंडातून तुटक शब्द निघावेत, पूर्ण वाक्य निघू नये. पुढच्या पाच आठवड्यांत त्यात आणखी एका दिवसाची भर घालावी आणि त्या दिवशी चार-चार मिनिटांचे चार ते पाच जोरकस प्रयत्न, मध्ये साधारण तेवढीच विश्रांती घेऊन, करावेत. निवडलेली चढाई छोटी असेल तर हा दुसरा दिवस महत्त्वाचा आणि मोठी असेल तर पहिला. आठवड्यात दोनांहून अधिक कठीण दिवस ठेवू नयेत. चाळिशीनंतर पाय सावरायला जास्त वेळ घेतात, आणि थकलेल्या पायांनी केलेला तिसरा कठीण दिवस पहिल्या दोन दिवसांची कमाई खाऊन टाकतो. शेवटचे आठ-दहा दिवस एकूण वेळ जवळजवळ निम्म्यावर आणावा. जोर मात्र कायम ठेवून प्रयत्नांची संख्या तेवढी कमी करावी.

जवळपास चढ नसेल तर समोरून येणाऱ्या वाऱ्यात किंवा घरी ट्रेनरवर (सायकल एका जागी बसवून चालवण्याच्या साधनावर) सराव करता येतो. तरीही अधूनमधून खऱ्या चढापर्यंत जाऊन या. सपाट रस्त्यावर सायकल स्वतःच्या वेगाने पुढे वाहत राहते, चढावर मात्र पेडलच्या प्रत्येक फेऱ्यात ती मंदावू पाहते. त्यामुळे स्नायूंवरचा ताण फेऱ्याच्या अधिक मोठ्या भागात टिकतो, आणि ही सवय पायांना चढावरच लागते.

प्रश्न : मागच्या शर्यतीत मी आघाडीच्या घोळक्याबरोबर निघालो, पहिली तीन मिनिटे अगदी सहज गेली आणि अर्ध्या वाटेवर पाय संपले. ज्यांना मी मागे टाकले होते तेच मला ओलांडून गेले. चूक कोठे झाली?

उत्तर : त्या सहज गेलेल्या तीन मिनिटांतच झाली. जोर एकदम वाढवला तरी श्वास आणि नाडी लगेच वाढत नाहीत. त्यांना स्थिरावायला दोन-तीन मिनिटे लागतात. मधल्या काळातली तूट शरीर प्राणवायूशिवाय चालणाऱ्या साठ्यातून भरून काढते. हा साठा छोटा आहे आणि तो रिकामा होताना जाणीव फारशी होत नाही. जाणीव होते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणूनच सुरुवातीला नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, कारण तो आकडा तुमच्या पायांच्या मागून धावत असतो.

पॉवर मीटर (पायांचा जोर वॅटमध्ये दाखवणारे उपकरण) असेल तर पूर्ण चढाईसाठी जी सरासरी ठरवली आहे तिच्या किंचित खालीच पहिला पाव भाग काढा. नसेल तर एक खूण पुरेशी आहे : पहिल्या पाव भागात आपण फारच सावकाश जात आहोत, अशी टोचणी मनाला लागली पाहिजे. दुसऱ्या पाव भागात ती टोचणी जाते, तिसऱ्या भागात शर्यतीतून नाव काढून घ्यावेसे वाटते (हा भाग सर्वांनाच तसा वाटतो), आणि चौथ्या भागात जे उरले असेल ते खर्च करायचे.

याचा अर्थ जोर शेवटपर्यंत काटेकोरपणे एकसारखा ठेवावा असा नाही. चढ तीव्र होतो तेथे थोडा अधिक जोर लावणे आणि सौम्य होतो तेथे थोडा कमी करणे फायद्याचे ठरते, कारण वेग जेथे सर्वांत कमी तेथे तुम्ही सर्वाधिक वेळ घालवत असता. मात्र हा फरक पाच-दहा टक्क्यांचाच असावा. त्यासाठी रस्ता आधी पाहिलेला हवा. फ्रान्समधील आल्प द्युएझची चढाई १३.८ किलोमीटरची असून सरासरी चढ सुमारे ८ टक्के, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर उंची, असा आहे. तिच्या २१ वळणांना पायथ्यापासून शिखराकडे उतरत्या क्रमाने क्रमांक दिलेले आहेत. ही सरासरी फसवी आहे, कारण पायथ्याचे पहिले दोन किलोमीटरच १० टक्क्यांच्या आसपास आहेत. ताजे पाय आणि तीव्र चढ एकत्र आले की हात राखणे सर्वांत अवघड जाते. तुमच्या शर्यतीचा रस्ता असाच पायथ्याशी उभा असेल, तर पहिल्या पाव भागाचा नियम दुप्पट कडकपणे पाळा.

प्रश्न : हलकी चाके घेतली तर किती फरक पडेल? की आधी स्वतःचे वजन कमी करावे?

उत्तर : हिशेब सोपा आहे. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो, चढ ८ टक्के आणि वेग ताशी १२ किलोमीटर धरला, तर लागणाऱ्या सुमारे २३० वॅटपैकी २०८ वॅट केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होतात. म्हणून एक किलो कमी झाल्यास वेळ साधारण सव्वा टक्क्याने घटतो, म्हणजे वीस मिनिटांच्या चढाईत सुमारे चौदा सेकंद. चाकांमधून ३०० ग्रॅम कमी केले तर चार सेकंद मिळतात. सुरुवातीला अति जोर लावून लोक यापेक्षा कितीतरी अधिक सेकंद गमावतात, आणि त्या दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही.

शरीराचे वजन खरोखर जास्त असेल तर ते हंगामापूर्वीच्या निवांत आठवड्यांत, आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा अधिक वेगाने नव्हे, असे कमी करावे. कठीण सरावाच्या दिवशी उपाशी राहू नये. वजन घटत असताना पायांचा जोरही घटू लागला, झोप बिघडली, वारंवार आजारपण येऊ लागले किंवा स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाली, तर खाणे वाढवावे आणि डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : माझ्या सायकलला पुढे ३९ आणि मागे सर्वांत मोठे २५ दातांचे चक्र आहे. १० टक्क्यांच्या चढावर उभे राहूनच पेडल मारावे लागते आणि नंतर गुडघा समोरून दुखतो.

उत्तर : तुमच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.३ मीटर पुढे जाते, म्हणजे ताशी ९ किलोमीटर वेगाला मिनिटाला जेमतेम ४६ फेरे पडतात. पुढे ३४ आणि मागे ३२ दात घेतल्यास त्याच वेगाला ६७ फेरे होतात आणि बसून चढता येते. बदल करण्यापूर्वी मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३२ दात पेलतो का, हे दुकानात तपासून घ्या. सीट फार खाली असली तरी गुडघा समोरून दुखतो, तेव्हा तीही पाहा. उभे राहणे वर्ज्य नाही. वळणावर किंवा पाठ आखडल्यावर दहा-पंधरा फेरे उभे राहावे, मात्र उठण्यापूर्वी एक गिअर जड करावा.

प्रश्न : शर्यतीच्या दिवशी काय सोबत न्यावे?

उत्तर : चढाई छोटी असेल तर पाण्याची बाटलीसुद्धा सायकलवर नको, तासाभराच्या चढाईला एक पुरते. शर्यत जितकी छोटी तितका वॉर्मअप मोठा ठेवावा, म्हणजे सात मिनिटांच्या चढाईपूर्वी अर्धा तास, त्यात दोन-तीन वेळा शर्यतीइतका जोर, आणि शेवटचा जोर संपल्यावर सुरुवातीच्या रेषेपर्यंत पाच-दहा मिनिटे. आयोजक सामान वर पोहोचवणार असतील तर त्यात वाऱ्याला अडवणारे जाकीट आणि बोटे झाकणारे हातमोजे नक्की द्या. घामाने भिजलेल्या अंगाने उतार सुरू केला की काही मिनिटांत बोटे बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाहीत. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक जोराने दाबा आणि मग सोडून द्या, म्हणजे रिम किंवा डिस्क यांना निवायला वेळ मिळेल.