बाथरूममधलं जुनं कपाट कमी खर्चात घरीच रंगवता येईल का?

येईल. पण तुम्ही लिहिलंय की बेसिनखालच्या कपाटाला सनमायका आहे आणि दारांच्या खालच्या कडा फुगल्यात. म्हणून रंगाचं नंतर, आधी त्या कडांचं बघू.

फुगलेली जागा नखाने दाबून पाहा. आतला फळा बहुतेक पार्टिकल बोर्डचा असणार, म्हणजे लाकडाचा भुगा चिकटवून दाबलेला. तो पाणी पिऊन फुगला की वाळल्यावरही पुन्हा बसत नाही. कड टणक लागत असेल तर दार काढून नीट वाळू द्या, उंचवटा घासून सपाट करा आणि लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. दाबल्यावर भुगा गळत असेल तर मात्र त्यावर कष्ट घेऊ नका, तेवढं एक दार बदला. आणि पाणी येतंय कुठून हेही शोधा: पाइपच्या सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवला की कळतं. गळती तशीच ठेवून रंगवणं म्हणजे ओल्या भिंतीवर कॅलेंडर चिकटवणं.

आता माझी फजिती. मी पहिल्यांदा असंच कपाट रंगवलं तेव्हा ओल्या फडक्याने पुसलं, पॉलिश पेपर फिरवल्यासारखा केला आणि थेट ऑइल पेंट मारला. पंधरा दिवस सगळ्यांनी कौतुक केलं. मग मुठीजवळ एक पोपडा सुटला, मी नखाने उचलला, तर चिकटपट्टी ओढावी तसा तळहाताएवढा रंग हातात आला! खाली सनमायका जशीच्या तशी चकचकीत. दोन चुका होत्या. मुठीभोवती वर्षानुवर्षं साबण आणि केसांच्या तेलाचा थर बसलेला असतो, तो पाण्याने जात नाही. आणि सनमायका रंग शोषून घेत नाही, त्यामुळे मध्ये धरून ठेवणारा प्रायमर लागतोच.

म्हणून दारं उतरवा. बिजागरीच्या खाचेत पेन्सिलने नंबर टाका, नाहीतर कुठलं दार कुठे यात अर्धा दिवस जातो. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात घासा, मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा. बेसिनच्या कडेचं जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडा, त्यावर रंग धरत नाही. मग 180 किंवा 220 नंबरच्या पेपरने फक्त चकाकी मोडा. सनमायका झिजवून आतला फळा उघडा पाडायचा नाही. (हे वाचणाऱ्या कुणाकडे फार जुन्या रंगाचं लाकडी कपाट असेल तर त्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, आधी तपासून घ्या.)

पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, प्रायमरमध्ये नको. दुकानात ‘सनमायका, टाइल्स अशा गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर’ असं स्पष्ट सांगून मागा, भिंतीचा प्रायमर इथे कामाचा नाही. दाराच्या आतल्या बाजूला थोडासा लावा, डब्यावर दिलेला वेळ पूर्ण वाळू द्या, मग ब्लेडने फुली मारून त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. प्रायमर निघाला नाही तर पुढे जा.

रंग किती लागतो याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. 40 × 60 सेंटीमीटरच्या दोन दारांच्या दोन्ही बाजू मिळून 1 चौरस मीटरही भरत नाहीत. लहान डबा पुष्कळ झाला. मी पाण्यातलं इनॅमल वापरतो, कारण पांढरा ऑइल पेंट अंधाऱ्या जागेत पिवळा पडतो. दार आडवं ठेवून, फोमच्या छोट्या रोलरने पातळ हात द्यायचे. दोन तर हवेतच, गरज पडली तर तिसरा. मध्ये 320 च्या पेपरने अलगद फिरवून धूळ पुसायची. पूर्ण चकाकीचा रंग घेऊ नका, जुन्या फळ्याचा खड्डा न् खड्डा दिसतो.

खालची कड, दाराची मागची बाजू आणि बिजागरीची भोकं इथेही प्रायमर आणि रंग जाऊ द्या. समोरून कुणाला दिसत नाही म्हणून माणूस ते सोडतो आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

मुठी बदलणार असाल तर जुन्या दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा, बऱ्याचदा 96 किंवा 128 मिलिमीटर निघतं. तेवढ्याच मापाच्या आणल्या की नवी भोकं पाडावी लागत नाहीत. बिजागरीचा स्क्रू सैल फिरत असेल तर भोकात लाकडाच्या गोंदात बुडवलेल्या टूथपिक ठोका, वाळल्यावर कापा आणि स्क्रू पुन्हा बसवा.

रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण टणक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर दार चौकटीला चिकटू नये म्हणून कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या लावा, अंघोळीनंतर दारं थोडी उघडी ठेवा आणि ओला कपडा त्यावर वाळत घालू नका. आमच्याकडे तो घातला गेलाच, चौथ्या दिवशी. डाग अजून आहे.